दीडशे खणांची पेटी

तमाम नागरिकांस, विशेषतः अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथे लाल अक्षरांच्या पाटीखाली मान वर करून आपलं नाव येण्याची वाट पाहणाऱ्या सर्व बंधुभगिनींस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, त्या पाटीला एक भोक होतं. ते मी पाडलं होतं. आणि चौदा वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता. कृपया घाबरू नये. जागेवरून उठू नये.

आता बसलाच आहात, तर माझा धंदा सांगतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आम्ही दिव्यांच्या पाट्या बनवतो. काळ्या पट्टीवर लाल अक्षरं उजवीकडून येतात, डावीकडे निघून जातात, तसल्या. यातलं लोखंड, दिवे, वायर हे सगळं दुसऱ्यांचं. माझी फक्त अक्षरं. मराठी अक्षरांना ठिपक्यांवर बसवणं म्हणजे मानपानवाल्या पाहुण्यांची पंगत बसवणं. पहिल्या वेलांटीला अक्षराच्या आधी पाट हवा, रफार डोक्यावर चढतो, उकार खाली पाय सोडून बसतो आणि जोडाक्षरं एकाच ताटात जेवायचा हट्ट धरतात. चौदा वर्षांपूर्वी मी या सगळ्यांना शिस्त लावणारा एक प्रोग्राम लिहिला. अशा तयार कोडला आमच्यात लायब्ररी म्हणतात. तिचा पुस्तकांशी संबंध नाही, भाजणीशी आहे. भाजणी मी केली, इंटरनेटवर उघडी ठेवली आणि म्हटलं, घ्या, थालीपिठं ज्यानं त्यानं थापा, पैसे नकोत. खाली एक ओळही लिहिली: ‘आजवर एकही दोष आढळलेला नाही.’

त्या ओळीवर माझा फार जीव होता. कधी मूड गेला की मी ते पान उघडून तेवढीच वाचत असे.

आणि रविवारी फिरायला निघत असे. कोणी देवदर्शनाला जातं, मी अक्षरदर्शनाला. बोरिवलीतल्या एका लग्नाच्या हॉलवर माझी वेलांटी पाहुण्यांचं स्वागत करायची. घाटकोपरच्या एका दातांच्या दवाखान्यात मी अर्धा तास बसलो होतो. दात न दुखता हसत बसलेला तिथे मी एकटाच. मुलुंडला घराजवळच्या रक्त तपासणीच्या दुकानात संध्याकाळी आतले दिवे मंद करायचे, तेव्हा समोरच्या फरशीवर लाल अक्षरं उलटी वाहायची. कोणाची तरी आडनावं पाण्यातल्या माशांसारखी पावलांखालून सरकत जायची. मला वाटायचं, या उपनगरांना रात्रंदिवस एक स्वप्न पडतं आहे आणि त्यातलं हस्ताक्षर माझं आहे. हे मी बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “रिपोर्ट मिळाला का आईंचा?”

अशा या सुखात एक ईमेल आली. मराठीत, नीट काना-मात्रा देऊन.

‘तुमच्या लायब्ररीत नाव ठेवायची पेटी ठरावीक मापाची आहे. येणारं नाव तुम्ही मोजत नाही. नाव लांब निघालं तर ते पेटीबाहेर सांडतं आणि शेजारच्या पेटीत जे असेल ते पुसून टाकतं. धोका: मोठा. दुरुस्त करून जाहीर करा. नव्वद दिवस थांबते, मग मी जाहीर करीन.’

मला हसू आलं. ती पेटी मी काही डोळे मिटून केली नव्हती. आमच्या खानदानातलं सर्वांत लांब नाव माझ्या सासऱ्यांचं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, काना-मात्रा सुटे धरून मी ते बोटांवर मोजलं होतं. चाळिसाच्या आत बसलं. वर दहाची सूट दिली, पन्नास केले. मराठीच्या प्रत्येक चिन्हाला संगणकात तीन खण लागतात, म्हणून दीडशे खणांची पेटी. माझ्या मते मी कर्णासारखा उदार झालो होतो.

मी उत्तर पाठवलं, ‘कळवल्याबद्दल आभार. परंतु इतकं लांब नाव माणसाचं नसतं.’

पाच मिनिटांत उलट टपाल: ‘माणसाचं नसतं, साहेबाचं असतं. मरोळ गावठाणात राहते. क्रॉसच्या मागचं कौलारू घर. चहाला ये.’

चार वाक्यांत मी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो होतो. शिवाय ते घर माझ्या गाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर निघालं.

मरोळ गावठाणात पहिल्यांदा शिरलं की माणूस मागे वळून रस्ता चुकला नाही ना ते बघतो. सगळीकडून काचेच्या इमारती वाकून बघताहेत आणि मध्ये हे गाव, आपल्याकडे कोणी बघतच नाही अशा थाटात पहुडलेलं. बुटकी घरं, लाकडी जिने, दारात कुंड्या. वरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान जातं, इतक्या खालून, की त्याची सावली कौलांवरून मांजरासारखी चालत जाते. उन्हाळ्याची दुपार होती. हवेत भाजलेल्या मिरचीचा वास होता. मी क्रॉसच्या मागे वळलो आणि एकदम सात शिंका दिल्या.

“आला वाटतं दोष नसलेला माणूस,” आतून आवाज आला. “नाकाला रुमाल लाव रे. बाटल्या भरतेय.”

ही आंटी. वय अडुसष्ट. फुलाफुलांचा फ्रॉक, जाड चष्मा, कोपरापर्यंत तांबडे झालेले हात. ट्रॉम्बेच्या संशोधन केंद्रात जन्मभर उपकरणं तपासायची नोकरी केलेली, म्हणजे जे पुढे फुटू नये ते आधी स्वतः फोडून बघायचं. निवृत्त झाल्यावर फोडायला काही उरलं नाही, म्हणून ती संगणक शिकली. दुपारी गावठाण झोपतं तेव्हा आंटी लोकांनी फुकट वाटलेल्या लायब्रऱ्या उतरवून घेते आणि त्यांच्या तोंडात वाटेल तो कचरा कोंबते: लांबलचक नावं, उलटे आकडे, नुसते स्वल्पविराम. कोण रडतं ते बघते. कोपऱ्यात तिचा जुना संगणक घुमत होता. त्या वेळीसुद्धा तो कोणाला तरी रडवत असणार.

जमिनीवर वर्तमानपत्रावर मसाल्याचा ढीग होता आणि बाजूला बियरच्या काळ्या रिकाम्या बाटल्या. गावठाणातल्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला असा बाटलीतच भरतात. नरसाळ्यातून थोडा मसाला सोडायचा, लाकडी दांड्यानं ठासायचा, पुन्हा थोडा.

“हे बघ,” आंटी म्हणाली, “मसाला किती आहे ते बाटलीला माहीत नसतं. बाटली किती घेते ते मसाल्याला माहीत नसतं. मग कोणाला माहीत पाहिजे?”

“भरणाऱ्याला,” मी रुमालातून म्हटलं.

“तू भरणारा. तू बघतच नाहीस. ओततोस आपला. उतू गेला की शेजारच्या दुधात.”

तिनं हात पुसले, टेबलावरच्या छोट्या पाटीला माझी लायब्ररी जोडलेलीच होती, आणि नावाच्या जागी ती काहीतरी टाइप करत सुटली. नाव संपेना. माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं पेटीच्या काठावरून पलीकडे गेली आणि पाटी थबकली. क्षणभर काळोख. मग लाल अक्षरांत, माझ्याच सुबक वेलांट्यांत, उजवीकडून सरकत आलं: ‘येताना कांदे आण.’

“मी पाटीला हुकूम दिला नव्हता,” आंटी म्हणाली. “फक्त नाव सांगितलं. नावाच्या शेपटीत हुकूम लपवला. तुझ्या पाटीत नाव लिहू शकणारा कोणीही तिचा मालक होऊ शकतो.”

बाहेरून विमान गेलं. बाटल्या किणकिणल्या. मला खरं सांगायचं तर आधी कौतुकच वाटलं. मग बोरिवलीचा हॉल, घाटकोपरचा दवाखाना, मुलुंडचं दुकान एकेक करून आठवलं.

“पण मी तुला कांद्यांसाठी नाही बोलावलं,” ती म्हणाली आणि बसली.

तिला एक धाकटा भाऊ आहे. त्याच्या किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा अंधेरीच्या एका छोट्या डायलिसिस केंद्रात त्याला यंत्राला जोडतात. ती सोबत जाते आणि बाहेर बसून पाटी बघते. पाटीवर आधी यंत्राचा आकडा येतो, मग रुग्णाचं नाव. पुन्हा आकडा, पुन्हा नाव. भावाचं यंत्र चार नंबरचं. एक नंबरचं यंत्र आतल्या वेगळ्या खोलीत आहे, कारण ते रक्तातून पसरणारी कावीळ असलेल्यांसाठी राखून ठेवलेलं आहे. त्याला दुसऱ्या कोणालाही जोडायचं नाही म्हणजे नाही.

मागच्या महिन्यात तिथे एक नवे गृहस्थ येऊ लागले. त्यांनी सिस्टरला बजावलं की नाव लिहायचं तर पूर्ण लिहा. सिस्टरनं लिहिलं. आधी ‘मा. श्री.’, मग त्यांचं, वडिलांचं नाव, आडनाव, स्वल्पविराम, ‘सेवानिवृत्त अधिकारी, वर्ग १’.

मी डोळे मिटले. मी मनात खण मोजत होतो. ‘वर्ग’पर्यंत पेटी काठोकाठ भरली. उरला एक आकडा. तो सांडला कुठे? पेटीला लागून असलेल्या पुढच्या खणात. आणि पुढचा खण म्हणजे पुढच्या रुग्णाच्या यंत्राचा आकडा.

“साहेबांचा वर्ग माझ्या भावाचं यंत्र झाला,” आंटी म्हणाली. “तो बापडा पाटी वाचून आतल्या खोलीत जाऊन बसला. बाही वर केलेली. सिस्टरनं तोंडावरून ओळखलं म्हणून, नाहीतर… वर तिलाच बोलणी बसली, आकडा चुकीचा टाकला म्हणून. ती रडली. तिनं चारच टाकला होता, मी बघितलं होतं.”

सासऱ्यांचं नाव मी रेशनकार्डावरून मोजलं होतं. आपल्याकडे माणूस पाटीवर जातो तेव्हा रेशनकार्डातला राहत नाही. पुढे मान्यवर होतो, मागे पद लागतं. हे मला, जन्मभर पाट्याच करणाऱ्याला, सुचू नये!

दुरुस्ती तीन ओळींची होती. मी तिथेच बसून केली. “पेटी तीनशेची करतो,” मी म्हटलं.

“कर. तो माजी अध्यक्ष पण लावील. माप घे आणि काप.”

पेटी दीडशेचीच ठेवून मी मापलं, कापलं. आणि मग लाडीगोडीच्या आवाजात म्हणालो, “आंटी, मी ही नवी प्रत गुपचूप ठेवून देतो. खाली लिहितो, किरकोळ सुधारणा. जाहीर कशाला?”

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. “तुझी भाजणी कोणकोणाच्या घरी गेली, यादी आहे तुझ्याकडे?”

“नाही.”

“मग किरकोळ सुधारणा वाचून कोण पाटी खोलणार? ‘धोका’ वाचल्यावर खोलतात. तुला ती तुझी ओळ सोडवत नाहीये, एकही दोष नाही वाली. खरं की नाही?”

मी म्हटलं, “जगाचं नंतर बघू. तुमच्या भावाच्या पाटीत मी उद्या स्वतः येऊन नवी प्रत घालतो. मग तर झालं?”

“ये,” ती म्हणाली. जरा जास्तच गोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलुंडहून बसनं निघालो. पवईला तळ्यावर धुकं नव्हतं, पण माझ्या डोक्यात होतं. रात्री पेटीतून अक्षरं उठून शेजारच्या घरांत शिरताना दिसली होती. एक रफार माझ्या उशीवर बसून होता.

डायलिसिस केंद्राची बाहेरची खोली मला फार विलक्षण वाटली. भिंतीपलीकडे यंत्रं एका सुरात घरघरत होती, जणू कोणी मोठा, दयाळू प्राणी घोरतो आहे. खुर्च्यांवर माणसं अर्धवट डोळे मिटून बसलेली. आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून माझी लाल अक्षरं हलकेच सरकत होती. एकाच्या कपाळावरून दुसऱ्याच्या गालावर. आंटीचा भाऊ हडकुळा, गोरापान, मफलर गुंडाळलेला. मला बघून तो फक्त हसला आणि पुन्हा डोळे मिटले. समोरच्या रांगेत कडक इस्त्रीचा शर्ट घालून एक गृहस्थ बसले होते. ओळख करून द्यायची गरज नव्हती.

पाट्या, पंखे, वीज बघणारा तिथला माणूस पन्नाशीचा, खिशात टेस्टर. मी त्याला बाजूला घेऊन पेनड्राइव्ह दाखवला.

“पाटी तुम्ही बसवली?”

“नाही. बसवणारे वेगळे. त्यांचं दुकान बंद झालंय. अक्षरं माझी आहेत.”

“मग अक्षरं घेऊन जा. पाटी राहू द्या.”

“अहो, पाटीत दोष आहे.”

“कोण म्हणतं?”

“मी.”

“लेखी आहे?”

मी पेनड्राइव्हच पुन्हा दाखवला.

“उद्या काही झालं तर मी वर काय सांगू? एक हसरा माणूस आला, पेनड्राइव्ह खुपसून गेला? कसं आहे साहेब, कागद असेल तर मी स्वतः शिडी लावतो. कागद नसेल तर हात नाही लावू देणार.”

“हुशार आहे हा,” मागून आंटी म्हणाली. “असाच पाहिजे.”

तिला हे आधीच ठाऊक होतं. लबाड!

तेवढ्यात सिस्टर काउंटरवर आली आणि सकाळची दुसरी पाळी टाइप करायला बसली. यादीत साहेब. त्यांच्या खाली आंटीचा भाऊ. तिनं माझ्याकडे पाहिलं. “सध्या मी सगळ्यांचे आकडे चिठ्ठीवर पण लिहिते,” ती म्हणाली. “पण एका वेळी सहा-सहा जण असतात हो. एखाद दिवशी चिठ्ठी राहून जाईल.”

आंटी भावाकडे वळली. तिनं भावाचं मफलर सारखं केलं, बस.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर लॅपटॉप उघडला. ते पान आलं. ती ओळही आली. चौदा वर्षं जपलेली, घासून पुसून ठेवलेली. तिच्या शेवटी कर्सर नेऊन मी एकेक अक्षर मागे खात गेलो. ‘नाही’ गेलं. ‘आढळलेला’ गेलं. ‘दोष’पाशी थोडा थांबलो, कारण तो शब्द मला लागणार होता. यंत्रं घरघरत होती. माझ्या बोटांवरूनही लाल अक्षरं जात होती. मग लिहिलं: ‘धोक्याची सूचना. या लायब्ररीत नावाचं माप न घेता नाव भरलं जातं. त्यामुळे शेजारची माहिती पुसली जाऊ शकते आणि बाहेरचा माणूस पाटीचा ताबा घेऊ शकतो. दोष माझा आहे. पाटीवर आकडे टाइप करणाऱ्या कोणाचाही नाही. ही लायब्ररी जिथे जिथे वापरली असेल तिथे नवी प्रत आजच घाला.’ खाली शोधणारी म्हणून आंटीचं पूर्ण नाव, आणि तिच्याखाली माझं. दोन्ही पन्नासात बसली.

बटण दाबलं. छत कोसळलं नाही. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापील कागद आणला, सही केली. टेस्टरवाल्यानं तो दोनदा वाचला, स्वतःच्या फोनवर ते पान उघडून शब्दन् शब्द ताडून पाहिला, वर फोन लावून परवानगी घेतली. सिस्टरनं कागद मागून घेतला. ‘टाइप करणाऱ्या कोणाचाही नाही’ या ओळीवर बोट ठेवून ती जरा वेळ उभी राहिली आणि तिनं फोटो काढून घेतला. मग शिडी आली.

पाटी विझली. खोलीतला लाल उजेड गेला आणि झोपेतले सगळे जण एकदम जागे झाले, जसे पंखा बंद झाल्यावर होतात. मी शिडीवर उभा. खाली आंटी, सिस्टर, टेस्टरवाला. कोणी हलेना. नवी प्रत आत गेली, पाटीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. सिस्टरनं यादी पुन्हा टाइप केली, अगदी पूर्ण मानासकट.

उजवीकडून साहेब आले. मान्यवर म्हणून आले, वडिलांसह आले, सेवानिवृत्त झाले, अधिकारी झाले आणि ‘वर्ग’ म्हणून काठावर येऊन थांबले.

“सिस्टर!” साहेब उठले. “वर्ग कुठला? वर्ग कुठे गेला?”

“तुम्हाला माहीत आहे ना?” आंटी पाटीवरची नजर न काढता म्हणाली. “मग बसा.”

आणि त्यांच्या मागोमाग, सावकाश, एखादी नाव धक्क्याला लागावी तसा, एक आकडा सरकत आला. चार. स्वच्छ, पोटभर जेवलेला चार. त्याच्यामागे आंटीच्या भावाचं नाव. आंटीच्या तोंडून श्वास सुटला तो मला शिडीवर ऐकू आला. सिस्टरनं तोंडावर हात ठेवला होता. टेस्टरवाला टेस्टर छातीशी धरून उभा होता. चार डावीकडे निघून गेला, पुन्हा उजवीकडून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि आम्ही सगळे माना वर करून त्याच्याकडे बघतच राहिलो, किती वेळ कोण जाणे, तोवर आंटीचा भाऊ दारात बाही वर करून उभा राहिला आणि वैतागून ओरडला, “अगं, आला ना नंबर बरोबर? मग मला आत घेताय, की आज पाटीलाच सुई टोचताय?”